भूकंपग्रस्ताचं मनोगत आणि एक प्रश्नचिन्ह

नववीच्या सहामाही परीक्षेत मी दहा मार्कांसाठी आईवडील आणि दोन भाऊ गमावले. निबंधाचा विषय होता 'भूकंपग्रस्ताचे मनोगत'. माझे आईवडील तेव्हाही नायगावात ठणठणीत होते, आजही आहेत. भाऊ मला एकच आहे. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, मी जन्मले २००० साली. तरी त्या निबंधात मी पहाटे ढिगाऱ्याखालून हाका मारत होते, माझा हात कुणीतरी धरत होतं, आणि शेवटच्या परिच्छेदात मी 'पुन्हा नव्याने उभी राहणार' होते. दहापैकी आठ मिळाले. दोन शुद्धलेखनात गेले.

मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांनी हा निबंध, किंवा त्याचा सख्खा भाऊ 'पूरग्रस्ताचे मनोगत', कधी ना कधी लिहिलेला असतो. आपण त्याला साहित्य म्हणत नाही, त्यामुळे त्याची समीक्षाही कुणी करत नाही. पण जरा विचार करा. किल्लारीबद्दल मराठीत सगळ्यात जास्त वेळा, सगळ्यात जास्त हातांनी लिहिला गेलेला मजकूर कोणता? कादंबरी नाही, कविता नाही. हा निबंधच. म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते. पुढे मी भूशास्त्र शिकले, भूकंपशास्त्रातल्या संशोधनाकडे वळले, आणि त्या वाटेवर किल्लारीबद्दलचे आणखी तीन-चार प्रकारचे मजकूर वाचावे लागले. ते सगळे एकाच जागेबद्दल बोलतात आणि एकमेकांशी अजिबात बोलत नाहीत. हा लेख त्या न बोलण्याबद्दल आहे.

*

आधी निबंधाच्या बाजूने एक गोष्ट. 'मनोगत' हा प्रकार चौदा वर्षांच्या मुलीला दुसऱ्याच्या जागी उभं राहून 'मी' म्हणायला लावतो. हे काही लहान काम नाही. नायगावातल्या वर्गात बसून औसा किंवा लोहारा तालुक्यातल्या एका घराचा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

पण त्या निबंधाची क्रियापदं तपासा. 'काळाने घाला घातला.' 'निसर्ग कोपला.' 'होत्याचं नव्हतं झालं.' प्रत्येक वाक्यात कर्ता एकतर काळ आहे, नाहीतर निसर्ग, नाहीतर दैव. भिंत कुठेच नाही. छत कुठेच नाही. आता त्या पहाटेची माहिती घ्या. गणेशविसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती, वेळ साधारण पहाटे चारची, माणसं घरात गाढ झोपलेली. भूकंपाची महत्ता ६.२ च्या आसपास. जगाच्या हिशोबात हा फार मोठा भूकंप नव्हे. एवढ्या भूकंपात सरकारी मोजणीनुसार ७,९२८ माणसं गेली, इतर मोजण्या दहा हजारांजवळ जातात. इतकी का? कारण हादरा जमिनीच्या फार जवळ, थोड्याच किलोमीटर खोलीवर झाला. आणि वर घरं होती माळवदाची: काळ्या दगडाच्या जाड भिंती, दगड सांधायला चिखल, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर हातभर मातीचा थर. हा थर उन्हाळ्यात घर गार ठेवतो. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडते. पिढ्यान् पिढ्या छत जड होत जातं. माणसं मेली ती त्या मातीखाली आणि दगडांखाली.

'निसर्ग कोपला' या दोन शब्दांत ही सगळी माहिती गडप होते. निबंध रडवतो, पण भिंतीकडे बघू देत नाही. माझ्या नववीच्या निबंधात घर 'पत्त्याच्या बंगल्यासारखं' कोसळलं होतं. खरं घर पत्त्याच्या बंगल्याच्या अगदी उलट होतं, आणि कोसळल्यावर जीव गेले ते त्याच्या वजनामुळेच. एका उपमेत इतकी मोठी चूक असू शकते, हे मला एम.एस्सी.ला कळलं.

निबंधाचा दुसरा लाडका शब्द 'अचानक'. तोही तपासावा लागतो. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात किल्लारी परिसरात धक्क्यांची रांग लागली होती. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का चांगला जाणवण्याइतका होता. माणसं घाबरली, बाहेर झोपली. मग धक्के थांबले आणि माणसं घरात परतली. म्हणजे जमीन वर्षभर आधी बोलली होती, तिचं बोलणं कुणाला वाचता आलं नाही. पण इथे उलट बाजूची चूकही होऊ शकते. २००७ च्या सुमारास नांदेड शहरातल्या काही वसाहतींत जमिनीखालून आवाज आणि बारीक हादरे येत होते. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत तेच झालं. दोन्ही ठिकाणी मोठा भूकंप मागून आला नाही. छोट्या धक्क्यांची रांग हे कधी प्रस्तावना असते, कधी संपूर्ण गोष्ट. आज तरी कोणतंही शास्त्र ते आधी सांगू शकत नाही. 'अचानक' हा शब्द खोटा आहे, आणि 'आधीच कळायला हवं होतं' हेही खोटं आहे. या दोन खोट्यांच्या मधल्या जागेत भूकंपशास्त्र काम करतं. मनोगताच्या निबंधात ती जागाच नाही.

*

दुसरा मजकूर म्हणजे ३० सप्टेंबरला दरवर्षी येणारी बातमी. स्मृतिस्तंभ, अभिवादन, पुनर्वसित गावांतल्या अडचणी. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, त्यांचे प्रश्न खरे आहेत आणि ते दरवर्षी मांडले पाहिजेत. माझी तक्रार एका वाक्याबद्दल आहे. 'भूकंपाची तीव्रता ६.२ रिश्टर स्केल इतकी होती.'

भूकंपाला दोन वेगळ्या मोजण्या असतात. एक महत्ता: खडक तुटला तेव्हा किती ऊर्जा मोकळी झाली. हा आकडा भूकंपाचा असतो, एका भूकंपाला एकच. दुसरी तीव्रता: तुम्ही उभे आहात त्या ठिकाणी काय झालं. हा आकडा गावागणिक बदलतो. वरातीतल्या डीजेचं बटण कितीवर आहे ही महत्ता, आणि तुमच्या घराच्या खिडकीची काच किती थरथरते ही तीव्रता. बटण एक, काचा हजार. मराठी बातमी दोन्हींना 'तीव्रता' म्हणते.

याने काय बिघडतं? २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ महत्तेचा भूकंप झाला, नांदेड आणि परभणीपर्यंत जाणवला. आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'किल्लारीला ६.२ होता, हा ४.५, म्हणजे पाऊण किल्लारी.' कुणीच दुरुस्त केलं नाही. या मोजपट्टीवर एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ६.२ आणि ४.५ मध्ये ऊर्जेचा फरक साडेतीनशे पटींच्या घरात जातो. पाऊण किल्लारी नव्हे, किल्लारीचा एक साडेतीनशेवा भाग. शब्द सैल असला की भीती आणि बेफिकिरी दोन्ही चुकीच्या जागी जाऊन बसतात. ही भाषेची समीक्षा आहे आणि ती कुणी करत नाही, कारण भाषेच्या लोकांना हे विज्ञान वाटतं आणि विज्ञानाच्या लोकांना ही भाषा वाटते.

*

तिसरा मजकूर मी स्वतः लिहिला. त्याचं नाव स्टेटमेंट ऑफ पर्पज.

भूकंपशास्त्रात शिरायच्या वाटा आमच्या भागात फारशा कुणाला माहीत नसतात, म्हणून थोडक्यात सांगते. जिऑलॉजी किंवा फिजिक्स घेऊन बी.एस्सी. मग एम.एस्सी.: कुणी जॅम परीक्षा देऊन आयआयटीत जातं, कुणी आपल्या विद्यापीठात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचं संकुल आहे. हे विद्यापीठ १९९४ च्या सप्टेंबरात, म्हणजे भूकंपानंतर वर्षभरात सुरू झालं. त्यानंतर नेट किंवा गेट. मग पीएच.डी.साठी अर्ज: हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था, गांधीनगरची भूकंप संशोधन संस्था, रुरकी, धनबाद, पनवेलची भूचुंबकत्व संस्था. नायगावाहून देगलूरमार्गे हैदराबादला जाणारी एसटी रोज दारावरून जाते, पण तिथे आपल्या कामाची संस्था आहे हे मला एकविसाव्या वर्षी कळलं.

अर्जासोबत दोन पानी निवेदन लागतं: तुम्हाला हाच विषय का? मी काय लिहिलं असेल? 'मी मराठवाड्याची लेक आहे. किल्लारीच्या भूकंपाने माझ्या भूमीवर घाव घातला...' नववीतला निबंध इंग्रजीत. तेच घर, तोच काळ, तोच घाला. फक्त शेवटी 'पुन्हा नव्याने उभी राहणार'च्या जागी 'संशोधनातून समाजाची सेवा करणार'.

मुलाखतीत समोरच्या पाच जणांपैकी एकांनी तो कागद वाचला आणि विचारलं, तुमचं गाव किल्लारीपासून किती लांब? सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून जास्त, मी म्हटलं. तेव्हा तुमचा जन्म झाला होता का? नाही. बरं, मग सांगा, किल्लारीला भूकंप का झाला? मी म्हटलं, भ्रंश सरकल्यामुळे. कोणता भ्रंश? जुना की नवा?

मला उत्तर येत नव्हतं. मी किल्लारीवर दोन पानं भावना लिहिली होती आणि किल्लारीबद्दलचा सगळ्यात मूलभूत प्रश्न मी कधी ऐकलाच नव्हता. निवड झाली नाही. झाली नाही ते बरोबरच होतं. परतीच्या एसटीत मला लाज वाटत होती, पण प्रश्नाचं उत्तर आलं नाही म्हणून नव्हे. मी दुसऱ्यांचं मरण माझ्या अर्जाला जोडपत्र म्हणून लावलं होतं, म्हणून.

*

मग मी चौथा मजकूर वाचला. १९९६ साली किल्लारीवर दोन शोधनिबंध आले. दोन्हींची शीर्षकं शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

पहिला 'जर्नल ऑफ जिऑफिजिकल रिसर्च'मधला. लेखक लिओनार्डो सीबर, गोरान एकस्ट्रॉम आणि त्यांचे सहकारी. त्यांत कानपूर आयआयटीचे सुधीर जैन आणि सी. व्ही. आर. मूर्ती हे इमारतींचे अभियंतेही आहेत. शीर्षकाचा मराठी अर्थ: मध्य भारतातला १९९३ चा किल्लारी भूकंप: मध्यजीव काळातल्या बेसॉल्टच्या थरांत नवा भ्रंश? शेवटी प्रश्नचिन्ह.

दुसरा 'जिऑलॉजी'मधला. लेखक सी. पी. राजेंद्रन, कुसला राजेंद्रन आणि बिजू जॉन, तिघेही तेव्हा तिरुवनंतपुरमच्या भूविज्ञान केंद्राशी जोडलेले. त्यांच्या शीर्षकाचा अर्थ: किल्लारी हे पूर्व-कॅम्ब्रियन कवचातला जुना भ्रंश पुन्हा जागा होण्याचं उदाहरण. प्रश्नचिन्ह नाही.

एकच वर्ष, एकच भूकंप, शेतात एका बाजूची जमीन दुसरीवर चढल्याच्या त्याच खुणा, आणि दोन उलट वाचनं. साहित्याच्या वर्गात एका कवितेचे दोन अर्थ लावले तर आपण वाहवा करतो आणि घरी जातो. इथे दोन अर्थांवर माणसांची घरं उभी आहेत. भ्रंश जुना असेल तर निदान आशा आहे: लाव्हाखाली झाकलेले जुने भ्रंश शोधता येतील, कोणती गावं धोक्यात आहेत याची काहीतरी यादी करता येईल. भ्रंश नवा असेल तर पुढचा कुठे फुटेल याला नकाशात आधार नाही. तो औराद शहाजानीत फुटेल, मुखेडात फुटेल, नायगावात फुटेल. त्या एका प्रश्नचिन्हात मी राहते ते घर बसलेलं आहे. माझ्या दोन पानी निवेदनात मी स्वतःला किल्लारीशी जोडायची एवढी धडपड केली होती. खरा संबंध या चिन्हात होता, आणि तो भावनेचा नव्हता, भूगोलाचा होता.

हे वाचन इथे संपलं नाही, हेही मला आवडतं. राजेंद्रन दांपत्याने पुढे तेरच्या प्राचीन वस्तीच्या थरांत जुन्या भूकंपाच्या खुणा शोधल्या. म्हणजे तेर, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातलं सातवाहनांच्या व्यापाराचं तगर. पुरातत्त्वाच्या थरात कुणी भूकंप वाचू शकतं, ही कल्पनाच मला आधी नव्हती. निम्न तेरणा प्रकल्पाच्या माकणी धरणाच्या पाण्याचा यात हात होता का, यावरही वाद झाला. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर महाराष्ट्राला तो प्रश्न नवा नाही. फरक असा की कोयनेत जलाशय आणि भूकंप यांचा संबंध जगभर मान्य झालाय, किल्लारीत तो वादाचाच विषय राहिला. आणि नकाशा? भूकंपाआधी हा भाग देशाच्या भूकंपप्रवणता नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या नकाशात पहिलं क्षेत्रच काढून टाकलं गेलं आणि लातूर तिसऱ्यात गेलं. 'इथे काही होत नाही' असं सांगणारा एक अख्खा रंग नकाशातून गेला. माझ्या मते किल्लारीबद्दल केलेलं हे सगळ्यात प्रामाणिक संपादन आहे.

शोधनिबंधांचीही समीक्षा करायला हवी, नाहीतर मी फक्त पक्ष बदलला असं होईल. त्यांच्या भाषेतही कर्ता हरवतो. 'नोंदवलं गेलं', 'आढळून आलं'. निबंधात निसर्ग कोपतो, शोधनिबंधात कुणीच काही करत नाही. माणूस दोन्हीकडे नाही. निबंधात त्याचं दुःख आहे पण घर नाही, शोधनिबंधात त्याची पडलेली भिंत आहे पण तो नाही.

*

भूकंपानंतर हैदराबादच्या संस्थेने किल्लारीत एक विंधनविवर घेतलं, ६१७ मीटर खोल. आपण बोअर घेतो तो पाण्यासाठी, हा घेतला खडक वाचायला. वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट, म्हणजे दख्खनचा काळा दगड, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याखाली फक्त आठ मीटरचा गाळाचा थर, लाव्हा येण्याआधीची जमीन. आणि त्याखाली अब्जावधी वर्षांचा जुना पाया.

हे आकडे वाचताना मला माझ्या मामाचं गाव आठवलं. ते देगलूरकडे आहे. त्या बाजूला काळा दगड संपतो आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. गोल, गुलाबी-करडे, हत्तीएवढे दगड. लहानपणी आम्ही त्यांवरून घसरगुंडी खेळायचो. किल्लारीत जो जुना पाया गाठायला ३४६ मीटर खोदावं लागलं, त्याच जुन्या कुळातला खडक देगलूर-बिलोलीकडे उन्हात तापत पडलेला असतो. मी त्यावर बसून आंबे खाल्लेत.

हे मी माझ्या निवेदनात का लिहिलं नाही? कारण मला वाटलं की ते 'विज्ञान' नाही आणि पुरेसं दुःखीही नाही. 'मनोगत' प्रकाराने मला शिकवलं होतं की भूकंपाबद्दल बोलायचा अधिकार फक्त दुःखातून येतो. ढिगाऱ्याखाली नसाल तर खोटं खोटं जा, पण तिथूनच बोला. कुतूहलातूनही तो अधिकार येऊ शकतो, ज्या दगडावर आपण बसलो त्याची ओळख करून घेण्यातूनही येऊ शकतो, हे मला मराठीत कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

मराठीत आपत्तीग्रस्ताचं मनोगत हजार वेळा लिहिलं गेलं. शोधणाऱ्याचं मनोगत मात्र जवळपास नाहीच. इंग्रजीत अशी पुस्तकं आहेत. सुझन हफ ही स्वतः भूकंपशास्त्रज्ञ. तिने चार्ल्स रिश्टरचं चरित्र लिहिलंय. ज्याचं नाव आपण रोज बातमीत चुकीच्या ठिकाणी वापरतो, तो माणूस सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकत असताना १९२७ मध्ये पासाडिनाच्या भूकंप प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागला आणि तिथलाच झाला. तो कविताही करायचा. डेन्मार्कची इंगे लेहमान गणित शिकलेली, काही वर्षं विम्याच्या हिशोबात घालवलेली. तीही सहायक म्हणूनच या विषयात शिरली. १९३६ साली तिने पृथ्वीच्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे हे लाटांच्या नोंदींवरून दाखवलं, आणि त्या शोधनिबंधाचं शीर्षक होतं एकच अक्षर, पी, आणि त्याच्या डोक्यावर एक छोटी रेघ. दोघंही मागच्या दाराने आले. दोघांपैकी एकालाही 'माझ्या भूमीवर घाव' वगैरे लिहावं लागलं नाही. सी. पी. आणि कुसला राजेंद्रन यांचं भारतीय भूकंपांवरचं 'द रम्बलिंग अर्थ' हे पुस्तक २०२४ मध्ये आलं. त्यासारखं एखादं पुस्तक लातूर-नांदेडच्या मुलामुलींना मराठीत मिळालं असतं, तर किती जणांना हैदराबादची वाट आधी सापडली असती?

*

आता शेवटचा मजकूर. भूकंपाची तीव्रता मोजायची एक बारा पायऱ्यांची पट्टी असते, एमएसके म्हणतात तिला. तिच्यात यंत्र नाही. तिच्यात गोष्टी आहेत. अमुक पायरीवर घरातल्या थोड्याच लोकांना जाणवतं, हलका ट्रक गेल्यासारखं. पुढच्या पायरीवर भांडी वाजतात. त्यापुढे झोपलेली माणसं जागी होतात, टांगलेल्या वस्तू झुलतात, जनावरं बिथरतात. मग भिंतींना तडे. मग भिंती. किल्लारीत ही पायरी आठ-नऊपर्यंत गेली होती. पाहणी करणारे लोक गावोगाव जातात आणि विचारतात: काय झालं? तुम्ही कुठे होतात? काय पडलं? लोक जे सांगतात त्याचा एक आकडा होतो, आणि आकड्यांच्या रेषा नकाशावर काढल्या जातात. त्या कोरड्या नकाशातली प्रत्येक रेष कुणाच्या तरी तोंडच्या वाक्यातून आलेली असते. खरं 'भूकंपग्रस्ताचं मनोगत' तिथे आहे. आम्ही शाळेत लिहिलं ते नव्हे.

मार्च २०२४ च्या त्या सकाळी आमच्या ग्रुपवर शंभरेक मेसेज आले, बहुतेक दोनच शब्दांचे: 'जाणवलं का?' मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे विद्यार्थिनी म्हणून बघितलं. ही पाहणीच होती. मी प्रत्येकाला उलट विचारत बसले: कुठे होतास? बसला होतास की उभा? कितव्या मजल्यावर? पंखा हलला का? एकाने लिहिलं, 'ताई, तू पोलीस झालीस का?'

त्याच आठवड्यात नायगावला गेले. आजीला मी काय शिकते ते आजवर नीट सांगता आलं नव्हतं. तिचा समज मी जमिनीत पाणी बघते असा होता. या वेळी मी काही सांगितलं नाही, विचारलं. किल्लारीच्या रातच्याला तू कुठं होतीस?

तिने सांगितलं. आत झोपले होते. उतरंड वाजली. आधी वाटलं, मांजर. मग माळवदाची माती तोंडावर पडली. बाहेर बैलानं दावं तोडलं. तुझ्या आजोबाला हाक मारली तर ते म्हणाले, झोप, गाडी गेली असंल. गाडी कुठली जातीय एवढ्या राती?

तीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे कुणी मेलं नव्हतं ना, मग सांगायचं काय? मनोगताचा नियम तिलाही लागू होता.

मी वहीत लिहून घेतलं. भांडी वाजली, झोपलेली जागी झाली, माती पडली, जनावर बिथरलं, भिंत शाबूत. पट्टी काढली आणि माझ्या हिशोबाने पाच लिहिले.

"कितीपैकी पाच?" आजीने वहीत डोकावत विचारलं.

"बारापैकी."

"म्हंजी नापास का गं?"

"नाही आजी. त्या राती ज्या गावाला कमी मार्क पडले, तेच पास झालं."